शेअर बाजारात आपला पैसा कोणाच्या शब्दावर जातो?

सातारा-सांगलीकडे शेअर बाजार म्हणजे मुंबईवाल्यांचा विषय, असं पूर्वी मानलं जायचं. आपल्या घरांतली बचत भिशीत, सोन्यात, नाहीतर गुंठाभर जागेत असायची. आता कराडपासून मिरजेपर्यंत अनेक घरांतली मुलं मोबाइलवर शेअर घेतात. देशात मार्च 2020 मध्ये सुमारे 4 कोटी डीमॅट खाती होती. मार्च 2024 पर्यंत ती 15 कोटींवर गेली. हे कशामुळे झालं?

पहिलं कारण सोय. आधार आणि पॅन असलं की खातं घरबसल्या उघडतं. दुसरं कारण तेजी. निफ्टी 23 मार्च 2020 ला 7,610 वर बंद झाला होता, सप्टेंबर 2024 मध्ये त्याने 26,000 ओलांडले. ज्याने कमावलं तो चौकात सांगतो, ज्याने गमावलं तो गप्प बसतो. तिसरं कारण बँकांचा अनुभव. सांगलीच्या वसंतदादा शेतकरी सहकारी बँकेचा परवाना 2009 मध्ये रद्द झाला, कराड जनता सहकारी बँकेचा डिसेंबर 2020 मध्ये. अशा वेळी ठेवीदार दुसरी वाट शोधणारच.

आपल्या समाजात चौथं कारण आहे, ते म्हणजे सूद टाळण्याची इच्छा. मुदत ठेवीचं व्याज नको म्हणून पैसा पडून राहतो आणि महागाई तो खाते. म्हणूनच ‘हलाल नफा’ हे शब्द कानाला गोड लागतात. याच शब्दांवर बंगळुरूच्या आयएमएने हजारो मुस्लिम कुटुंबांचा पैसा गोळा केला आणि जून 2019 मध्ये तिचा संस्थापक दुबईला निघून गेला. ओळखीचा माणूस, दाढी-टोपी, दोन महिने वेळेवर आलेले पैसे, एवढ्यावर आपण भरोसा ठेवतो. कागद कोणी वाचत नाही.

शेअर म्हणजे धंद्यातला हिस्सा. हिस्सेदाराला नफा मिळतो तसा तोटाही सोसावा लागतो. दरमहा ठरलेला टक्का देण्याची हमी कोणी देत असेल, तर त्याला हिस्सेदारी कशी म्हणायची? वरून हलालचं नाव आणि आत सूदच.

दुसरा धोका फ्युचर्स-ऑप्शन्सचा. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अहवालानुसार, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत तिथे उतरलेल्या 93 टक्के सामान्य लोकांना तोटा झाला. एकूण रक्कम 1.8 लाख कोटी रुपयांहून जास्त. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने तर ऑप्शन्स नाजायज असल्याचं 1992 मध्येच सांगितलं आहे. हलाल धंदा करणाऱ्या कंपनीचे शेअर घेणं मात्र तिने जायज ठरवलं. कर्ज-व्याजाच्या तपशिलावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, म्हणून आपल्या आलिमांचा मशवरा घ्यावा. राष्ट्रीय शेअर बाजाराचे शरिया निर्देशांकही आहेत; त्यांतल्या कंपन्यांची यादी कोणालाही पाहता येते.

बाजारापासून पळून जा, असं आम्ही म्हणत नाही. पण हजसाठी साठवलेले पैसे, घरातल्या बाईचे दागिने, मुलीच्या शिक्षणाची रक्कम ही अमानत आहे. ती घरातल्या सर्वांना विचारल्याशिवाय हलवू नये. पैसे मागणारा सेबीकडे नोंदलेला आहे का, ते सेबीच्या संकेतस्थळावर आधी पाहावं. नाव सापडलं नाही, तर माणूस कितीही जवळचा असो, पैसे देऊ नयेत.