मूळ पेशींवर नेम, पण मोजमाप कुठे?

स्वादुपिंडाचा कर्करोग बहुतेकदा उशिरा कळतो. अमेरिकेतही निदानानंतर पाच वर्षं जगणारे १३ टक्क्यांच्या आसपासच. केमोथेरपीने गाठ आक्रसते आणि वरवर खुरपलेल्या हराळीसारखी पुन्हा फोफावते.

२००७ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डायन सिमिओन यांच्या गटाने याचं एक कारण दाखवलं. सीडी४४, सीडी२४ आणि ईएसए ही तिन्ही प्रथिनं अंगावर वागवणाऱ्या पेशी त्यांनी रुग्णांच्या गाठींतून निवडून काढल्या. गाठीत त्या एक टक्काही नव्हत्या. तरी अशा जेमतेम १०० पेशी टोचल्यावर निम्म्या उंदरांत नवी गाठ उभी राहिली. याच कर्करोगाच्या मूळ पेशी.

मग औषधांची रांग लागली. या पेशींना पोसणारा ‘हेजहॉग’ संदेशमार्ग रोखणाऱ्या सॅरिडेगिब या औषधाची चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली. औषध घेणारेच लवकर दगावत होते. मूळ पेशींवरच नेम धरणाऱ्या नापाब्युकासिन या औषधाची अकराशेहून अधिक रुग्णांवरची चाचणीही २०१९ मध्ये गुंडाळली गेली.

म्हणून मूळ पेशींवर नेम धरण्याची कल्पनाच मोडीत काढायची का? मुळीच नाही. चुकली ती घाई. या पेशी संपल्या तरी गाठीतल्या साध्या पेशी त्यांचं रूप घेऊ शकतात, त्यामुळे एकाच मार्गावरचा घाव पुरत नाही.

उपचाराआधी आणि नंतर बायोप्सी घेऊन मूळ पेशी खरंच घटल्या का, हे आधी लहान चाचणीत दाखवावं. ही तपासणी रुग्णाला त्रासाची आणि खर्चिक आहे, हे खरं. पण ती टाळून हजार रुग्णांना मोठ्या चाचणीत ओढणं त्याहून महागात पडतं.