भरताले या

अमेरिकेतल्या आमच्या भाचेमंडळींना नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी असते. लोक गुरुवार-शुक्रवारला शनिवार-रविवार जोडतात आणि निघतात. कुठे? तर बहुतेक जण आपापल्या घरी, आईवडिलांकडे जेवायला! बाकीचं फिरणं जमलं तर. मला ही कल्पना भारी आवडते.

"आपल्याकडे दिवाळी आहे की त्यासाठी," असं तुम्ही म्हणालच. तिथेच तर माझं भांडण आहे.

मंडळी, जळगाव-धुळ्याकडे यायला दिवाळी हा सगळ्यात वाईट मुहूर्त आहे. (सासरचे सगळे हे वाचतात याची मला कल्पना आहे. वाचा.) घरातल्या बाईने पंधरा दिवस जाळी-जळमटं काढलेली असतात, मग चिवडा, शंकरपाळे, अनारसे. तुम्ही येता तेव्हा तिचे पाय सुजलेले असतात आणि ती उभ्यानेच जेवते. तुम्ही तीन दिवस चकली खाता, जी पुण्यातही तश्शीच मिळते, आणि "यंदा बोलणंच झालं नाही गं" म्हणत गाडीत बसता. होणार कसं? ती स्वयंपाकघरात होती.

मे महिन्याचंही तेच. आखाजी हा आमच्याकडचा लेकीबाळींचा माहेरी यायचा सण, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस, सगळं खरं. पण पंचेचाळीस अंशांत पाहुणा कूलरसमोरून उठत नाही. त्याला जळगाव म्हणजे कूलरच्या वाळ्याचा वास, एवढंच आठवतं.

म्हणून माझी सूचना अशी, की यायचं ते चंपाषष्ठीच्या आसपास. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं या दिवशी खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून वांगं पुन्हा सुरू करतात. गंमत बघा, २०२५ मध्ये चंपाषष्ठी २६ नोव्हेंबरला होती आणि २७ ला त्यांचं थँक्सगिव्हिंग. त्यांनी टर्की भाजली, आम्ही वांगी.

आमचं वांगंही काही साधंसुधं नाही. पांढरट हिरवं, भलं मोठं, बी कमी. यावल तालुक्यातल्या बामणोदचं नाव त्यासाठी सगळ्यात आधी घेतलं जातं. 'जळगाव भरीत वांगी' म्हणून २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण इथल्या लोकांना त्याची खात्री सरकारच्या कागदाआधीपासून होती. वांग्यांना टोचे मारून तेलाचा हात लावायचा आणि कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर ती शेतातच भाजायची. गॅसवर भाजलेल्याला भरीत म्हणायला माझी ना नाही, पण खानदेशात म्हणू नका. मग साल सोलून गर लाकडी बडगीत घालायचा, भाजलेली हिरवी मिरची आणि लसूण टाकून ठेचायचा. तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, भरपूर कांद्याची पात, कोथिंबीर... आणि टोमॅटो नाही. पुन्हा सांगते, टोमॅटो नाही. दह्याचं भरीत आवडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, तो वेगळा पदार्थ आहे. सोबत गरम पुऱ्या, नाहीतर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी.

आता खरा मुद्दा. आमच्या घरी हे सगळं पुरुष करतात. जाळ तेच करतात, वांगी तेच उलटतात, डोळ्यांत धूर गेल्यावर ओरडतातही तेच. ज्या दिरांना एरवी चहाचं भांडं कुठे असतं ठाऊक नसतं, ते तासभर बडगीपुढे बसून ठेचतात, आणि मीठ किती यावरून भांडतात. पुऱ्या तेवढ्या आमच्याकडे येतात. त्याही हल्ली जिथे भरीत किलोवर विकतात तिथून मागवता येतात. म्हणजे वर्षातली ही एक मोठी पंगत अशी, की सासूबाई आणि आम्ही जावा बांधावर पाय पसरून बसू शकतो. मला माझ्या सासूबाईंचं लहानपण या बांधावर कळलं, चौदा दिवाळ्यांत नाही. यावलकडच्या आमच्या आतेसासूबाई तर फोनवर सरळ सांगतात, "दिवाळीले कशाले येता रे, भरताले या." त्यांचं वय आता ब्याऐंशी आहे. येणाऱ्यांनी हिशेब करावा.

आणि कृपा करून पार्सल मागू नका! दर हिवाळ्यात ट्रॅव्हल्सच्या बसने पुण्या-मुंबईला भरताचे डबे आणि वांग्यांच्या पिशव्या जातात. आम्हीही पाठवतो. सकाळी सहाला नाक्यावर डबा उतरवून घेतला की माणसाला वाटतं, जळगाव पोचलं घरी. नाही पोचत. पोचतो तो फक्त डबा.

"पण चार दिवस करायचं काय तिथे?" हा पुढचा प्रश्न. बाहेरच्यांना जळगाव म्हणजे अजिंठ्याला जाताना उतरायचं स्टेशन. अजिंठा बघाच, साठेक किलोमीटरवर आहे. पण एक दिवस गावासाठी ठेवा. जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ २०१२ मध्ये सुरू झालं, ते मुलांना घेऊन निवांत बघण्यासारखं आहे. जवळच आसोदा, बहिणाबाईंचं जन्मगाव. सराफ बाजारात नुसतं फिरायलाही हरकत नाही, सोन्याचा भाव ऐकून आपोआप बाहेर पडाल. मेहरुणची बोरं त्याच सुमारास यायला लागतात, ती चालता चालता खायची. अमळनेर, चाळीसगाव ही एकेका दिवसाची कामं. चाळीसगावला केकी मूस यांचं घर-संग्रहालय आहे. हा छायाचित्रकार वर्षानुवर्षं घराबाहेर जवळपास पडलाच नाही, आणि त्या घरात बसून त्याने काय काय केलं ते बघून आपल्या फिरण्याची जरा लाजच वाटते.

धुळ्याबद्दल मी पक्षपाती आहे, माहेर आहे माझं. तरी सांगते. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या डिसेंबरअखेर धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितं आहेत. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी उतरवून घ्यायचे. 'गीता प्रवचने' ते हेच. शाळेत असताना त्या भिंतीशेजारून मी शेकडो वेळा गेले असेन, कोणी कधी सांगितलं नाही. आता मी भाच्यांना मुद्दाम तिकडून नेते आणि ते कंटाळतात. असो.

त्यांचा कंटाळा जातो तो शेवभाजीने. महामार्गावरचा कुठलाही ढाबा निवडा, फक्त आत ट्रकवाले जेवत असले पाहिजेत. काळ्या मसाल्याचा रस्सा उकळता हवा आणि भाजीची जाड शेव ताटात वाढताना घातलेली हवी. आधीच घालून ठेवलेली असेल तर तो लगदा, उठून पुढच्या ढाब्यावर जा. पाहुण्यांसाठी "तिखट कमी" असं सांगू नका, तिखट कमी केलं की उरतं ते नुसतं बेसन. सकाळी लळिंगचा किल्ला चढून आलात तर दोन भाकऱ्या जास्त जातील.

चंपाषष्ठीला नाहीच जमलं तर नाताळच्या सुट्टीत या, तेव्हाही वांगी भरात असतात. फक्त दोन दिवस आधी कळवा, किती माणसं ते. त्या हिशेबाने काड्या जमवाव्या लागतात, आणि धाकट्या दिरांना सुट्टी टाकावी लागते.