कुठेही जाणारे टायर

गिर्यारोहणाचे बूट घालून कोणी साखरपुड्याला जात नाही. गेलाच तर वधूपक्ष जाजमाची भरपाई मागेल. पण गाडीच्या पायात काय घालावे, हा प्रश्न आला की चांगली शिकलीसवरलेली माणसेही बहकतात.

आमच्या साडूंचेच पाहा. कोथरूड ते हिंजवडी हा त्यांचा रोजचा प्रवास. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि आंब्याला, कोकणातले गाव. त्यातही जांभ्याचा कच्चा रस्ता म्हणाल तर शेवटचा दीड किलोमीटर. या दीड किलोमीटरसाठी त्यांनी चारही चाकांना ऑल-टेरेन टायर चढवले. "आता कुठेही जाते!" ते म्हणाले. "पण जायचंय कुठे?" मी विचारले. तेव्हापासून आमच्यात जरा ताणलेलेच आहे.

ताणले तर ताणले. एका टोकाला डांबराचा टायर, दुसऱ्या टोकाला निव्वळ चिखलाचा, आणि हा मधला. मध्यस्थाने दोन्ही पक्षांना थोडे थोडे नाराज करायचे असते, तसे हाही करतो. याचे ठोकळे मोठे, मधल्या फटी रुंद. त्या फटींमुळे माती-खडीत पकड मिळते. कडेची भिंतही बहुधा जाड, दगडाने चटकन फाटत नाही. गुण खरेच. पण फटी रुंद म्हणजे डांबराला टेकणारे रबर कमी. मुळात एका चाकाचा रस्त्याशी संबंध जेमतेम तळहाताएवढा, त्यातही फटी! शिवाय टायर जड, म्हणून इंधन जास्त. आणि वेगात घुंऽऽ असा आवाज, की पिठाची गिरणीच गावाला निघाली आहे असे वाटावे. मेव्हणीने गाडीत गाणी लावणे सोडून दिले आहे.

गाण्यांचे एक वेळ सोडा. गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात एक स्कूटर अचानक समोर आली. मागे रेनकोटातली एवढीशी पोर. साडूंनी ब्रेक दाबला. गाडी थांबली ती स्कूटरच्या मागच्या दिव्यापासून वीतभर अंतरावर. जुने टायर असते तर कुठे थांबली असती, हे आता सिद्ध करता येणार नाही. पण ओल्या डांबरावर असे टायर साधारणपणे थोडे उशिराच थांबतात, आणि ते 'थोडे' किती असते हे त्या पोरीच्या डोळ्यांत मी पाहिले. वीतभर हा काही विनोदाचा विषय नव्हे.

"आणि पुण्यातले खड्डे?" हा साडूंचा हुकमी एक्का. अहो, खड्ड्याला ठोकळे लागत नाहीत. चाकात योग्य हवा आणि पायात सबुरी लागते. रस्त्यासाठी कर भरायचा आणि रस्ता नाही म्हणून टायरही आपणच दणकट घ्यायचे, ही कुठली रीत? अशाने खड्डा हा आपला आणि टायरवाल्याचा खासगी मामला ठरतो. पालिका मोकळी!

ज्याची रोजची वाट खाणीवरून, बागेतून, धरणाच्या कामावरून जाते त्याने हे टायर जरूर घ्यावेत. मात्र काळ्या चिकण मातीत फटी भरल्या की त्यांचाही वरवंटा होतो, हे ध्यानात ठेवावे. बाकीच्यांनी वहीत महिन्याचे किलोमीटर मांडावेत, कच्च्याचे वेगळे. शंभरात वीसही कच्चे नसतील तर निमूटपणे रस्त्याचे टायर घ्यावेत. तेही गाडीच्या पुस्तकातल्या मापाचे. २१५/७५ आर १५ म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ७५ टक्के आणि रिम १५ इंची. हौसेने उंच टायर घातला तर वेगाचा काटा खरा वेग लपवू लागतो. आणि कडेवरचे चार आकडे वाचावेत. २३२४ असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. भाजी ताजी बघून घेणारे आपण, टायर मात्र दुकानदार देईल तो घेतो!

यंदा गणपतीला त्या जांभ्याच्या रस्त्यावर आम्ही मोठ्या ऐटीत शिरलो. समोरून एस. टी. आली. साधे टायर, टपावर कुणाचे तरी कपाट, आत पन्नास माणसे. ड्रायव्हरने गाडी कडेला घेऊन आम्हाला वाट दिली, आमच्या चाकांकडे बघितले आणि आपुलकीने विचारले,

"ट्रॅक्टर विकलात की काय?"