संत थॉमसची शंका आणि विकाऊ शंका

पोप फ्रान्सिस यांच्या २०२३ मधील 'लाउदाते देउम' या पत्राचा आधार घेऊन मी रविवारी प्रवचन केले. हवामानबदलाची खिल्ली उडविणारी मते कॅथलिक चर्चमध्येही आढळतात, असा खेद पोपमहोदयांनी त्यात व्यक्त केला आहे. त्याचा प्रत्यय मिस्सेनंतर लगेच आला. विष्णुपुरीच्या जलाशयाकाठी राहणारे आमच्या धर्मग्रामातील एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, "फादर, आमच्या वडिलांनी बहात्तरचा दुष्काळ भोगला. तेव्हा कुठे होता हवामानबदल? मोठमोठे शास्त्रज्ञही शंका घेतात. संत थॉमसने नाही का घेतली?"

संत थॉमसचे नाव निघाले म्हणून हे लिहिणे भाग पडले. त्या प्रेषिताने शंका घेतली खरी. पण आपली खात्री कशाने पटेल तेही त्याने आधीच सांगितले होते, आणि जखमा समोर येताच तो शरण गेला. प्रामाणिक शंकेला अशी अट असते.

असे शंकेखोर या वादातही झाले. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या हवामान समितीने २००७ च्या अहवालात म्हटले होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी अधिकारी व्ही. के. रैना यांनी २००९ मध्ये निराळे चित्र मांडले. त्यांची हेटाळणी झाली; पण जानेवारी २०१० मध्ये समितीला २०३५ ची चूक कबूल करावी लागली. हिमनद्या वितळत आहेत ही गोष्ट मात्र पुढच्या मोजमापांनी अधिकच पक्की झाली. अमेरिकेतील पदार्थवैज्ञानिक रिचर्ड म्युलर यांचा तर तापमानाच्या नोंदींवरच विश्वास नव्हता. त्यांनी त्या नव्याने तपासल्या आणि २०१२ मध्ये जाहीर केले की, पृथ्वी तापते आहे आणि त्याला माणूसच कारण आहे. तपासाला पैसा पुरविणाऱ्यांत तेलउद्योगातील कोक यांचे प्रतिष्ठानही होते!

आमच्या बंधूंचे 'मोठमोठे शास्त्रज्ञ' वेगळ्या पंथाचे. फ्रेडरिक साइट्झ हे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे माजी अध्यक्ष. पुढे ते आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीचे सल्लागार झाले, आणि १९९८ मध्ये क्योटो कराराविरुद्धच्या सह्यांच्या मोहिमेला त्यांनी आपले नाव दिले. विषय धुराचाच, केवळ चिमणी बदलली.

राहिला बहात्तरचा मुद्दा. दुष्काळ पूर्वीही पडत, हे खरेच. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्यात उसाचाही वाटा होता. हवामानाच्या नावाखाली ते पाप झाकणाऱ्या पुढाऱ्यांवर माझाही विश्वास नाही. पण पूर्वी ताप येऊन गेला म्हणून आजचा ताप खोटा, असे कोणता वैद्य म्हणेल? हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डाय-ऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते; आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मुखेड तालुक्यातील गावे रात्रीतून पाण्याखाली गेली, माणसे आणि गुरे दगावली. त्या एका पावसाचे सारे खापर मी हवामानबदलावर फोडणार नाही. तथापि त्या गावांतील लोकांसमोर 'काही बदललेले नाही' असे म्हणण्याचे धाडस मला होणार नाही.

त्या गृहस्थांना मी एकच प्रश्न विचारला, "कोणता पुरावा दिसला तर तुम्ही मत बदलाल?" "विचार करून सांगतो, फादर," ते म्हणाले. त्याला आता तीन रविवार झाले.