पहारा फक्त गेटवर नको

गेटवरच्या पहारेकऱ्याने आत सोडले, म्हणून कोतमध्ये रायफल हातात मिळत नाही. तिथला एनसीओ पुन्हा नाव विचारतो, नोंदवही पाहतो, रायफलचा नंबर लिहितो, सही घेतो. याला कोणी अविश्वास म्हणत नाही. संकेतस्थळ तयार करताना मात्र आपण हा साधा नियम विसरतो.

हल्ली आपल्या संगणक प्रकल्पांत पडद्यावर दिसणारा फ्रंटएंड आणि माहिती सांभाळणारा बॅकएंड वेगवेगळे असतात. गेल्या सत्रात रजेच्या अर्जांसाठी मी असेच संकेतस्थळ केले. लॉगिन केल्याशिवाय अर्जांच्या यादीचे बटणच दिसत नसे, याचा मला अभिमान होता. एका ज्युनियरने बॅकएंडचा पत्ता थेट ब्राउझरमध्ये टाकला आणि साऱ्या हाउसचे अर्ज पालकांच्या फोन नंबरांसह त्याच्यासमोर आले. मी बटण लपवले होते. दार उघडेच होते. त्याच संध्याकाळी संकेतस्थळ बंद केले आणि सरांना सगळे सांगितले.

तेव्हापासून माझे मत पक्के आहे : फ्रंटएंडवरचे लॉगिन ही सोय आहे, सुरक्षा नव्हे. विनंती कोणाची आहे आणि ही माहिती पाहण्याचा त्याला अधिकार आहे का, हे दोन्ही प्रश्न बॅकएंडने दर वेळी स्वतः विचारले पाहिजेत. सातवीच्या कॅडेटने खरा पासवर्ड टाकला, म्हणून त्याला दुसऱ्याचा वैद्यकीय अहवाल दिसता कामा नये. ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या वेब-धोक्यांच्या यादीत अधिकार तपासणीतल्या चुकाच पहिल्या क्रमांकावर आहेत.

‘आम्ही कॉर्स लावले आहे,’ असे काही मित्र सांगतात. पण ते बंधन ब्राउझर पाळतो. ब्राउझरबाहेरून आलेल्या विनंतीला ते अडवत नाही. जेडब्ल्यूटी टोकनवर सही असते, त्यामुळे त्यातली खाडाखोड पकडली जाते. आतला मजकूर मात्र सहसा कोणीही वाचू शकतो. आऊटपासप्रमाणे टोकनलाही मुदत हवी. ते लोकल स्टोरेजमध्ये ठेवले, तर पानात घुसलेली परकी स्क्रिप्ट ते वाचू शकते. एचटीटीपी-ओन्ली कुकीत ठेवले, तर तिला वाचता येत नाही. कुकी आपोआप पाठवली जाते, म्हणून तिला सेमसाइटचे बंधनही घालावे.

‘शाळेच्या प्रकल्पाला एवढे कशाला?’ असे कोणी विचारेल. सवय इथेच लागते, म्हणून. माझी शिक्षकांना विनंती आहे, की प्रदर्शनात नुसते देखणे पान पाहून गुण देऊ नका. टोकनशिवाय विनंती पाठवून पाहा. ४०१ उत्तर आले पाहिजे. एका कॅडेटच्या टोकनने दुसऱ्याचा अर्ज मागा; ४०३ आले पाहिजे. या दोन चाचण्यांत जो नापास, त्याचा प्रकल्प अपूर्ण समजावा.

आपल्या पालकांनी फोन नंबर शाळेला विश्वासाने दिला आहे. तो राखणे हीसुद्धा ड्यूटीच आहे.