सौजन्य : इंटरनेट

फोटो दिवेघाटातला होता. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला निघते त्या दिवशी घाट वाहनांना बंद होतो, म्हणून पहाटे साडेचारलाच हडपसर मागं टाकलं होतं. दुपारपर्यंत नुसती भुरभुर. कॅमेऱ्याला दुधाची पिशवी बांधलेली, माझ्या डोक्यावर काहीच नाही. तीनच्या सुमारास ढग जरा फाटले आणि वळणावर एक आजी दिसल्या. डोक्यावर तुळशीवृंदावन, एका हातानं ते सावरलेलं, दुसऱ्या हातात तुटलेली चप्पल, आणि चेहरा असा की चप्पल तुटली हीच दिवसातली मोठी गंमत. विचारून फोटो काढला. आजी म्हणाल्या, "काढ, पण माऊली पण येऊ दे त्यात."

पुढच्या आषाढीला त्या आजी मला पेठेतल्या एका चौकात भेटल्या, गणेश मंडळाच्या वीस बाय दहाच्या फ्लेक्सवर. 'वारकऱ्यांचे हार्दिक स्वागत.' वर नेत्यांचे गोल चेहरे, खाली कार्यकर्त्यांचे चौकोनी. फोटोच्या कोपऱ्यात मी माझं नाव टाकलं होतं, ते एका भावी नगरसेवकाच्या खांद्याखाली गेलं होतं. आडनावातलं शेवटचं 'कर' तेवढं बाहेर डोकावत होतं. फ्लेक्स करणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर मात्र खाली ठळक छापलेला. त्याच नंबरावर फोन लावला.

"अहो सर, गूगलवरून घेतलाय तो."

"गूगल घाटात कुठं उभं होतं?"

"म्हणजे?... रागावू नका सर. नेटवर होता म्हणून घेतला. आणि तुमची केवढी पब्लिसिटी झाली बघा की. नाव पाहिजे तर पुढच्या वेळी टाकतो."

त्या पोराचा मला फारसा राग नाही. एका रात्रीत चाळीस फ्लेक्स उरकणाऱ्याला कायदा कोण शिकवणार? राग आहे तो हीच वाक्यं शुद्ध मराठीत बोलणाऱ्यांचा: दिवाळी अंकाचे संपादक, व्याख्यानमालांचे चिटणीस, 'फोटो सौजन्य : इंटरनेट' असं निःसंकोच छापणारी शहाणी माणसं. हे इंटरनेट नावाचे गृहस्थ राहतात कुठं, ते मला एकदा कळायला हवं. मराठीतले सर्वांत कष्टाळू छायाचित्रकार तेच दिसतात.

पहिला मुद्दा गूगलचा. गूगल हा पत्ता सांगणारा माणूस आहे. लक्ष्मी रोडवर कुणी बोट करून दुकान दाखवलं, म्हणून आतलं लुगडं फुकट होत नाही. चित्रावर कॉपीराइट असू शकतो, अशी सूचना गूगल स्वतःच देतं. ती वाचायची नाही असं आपण ठरवलंय. इन्स्टाग्रामवर फोटो टाकताना मी त्या कंपनीला तो दाखवण्याचा परवाना देतो. तिथून तो उचलणाऱ्या तिसऱ्या माणसाला त्यातलं काही मिळत नाही. 2010 साली हैतीच्या भूकंपानंतर डॅनिअल मोरेल या छायाचित्रकारानं आपले फोटो ट्विटरला जोडलेल्या एका सेवेवर टाकले. ते दुसऱ्याच कुणाच्या नावानं एएफपी या बलाढ्य वृत्तसंस्थेकडे पोचले, तिथून गेटीकडे आणि पुढे जगभर. 'ट्विटरवर टाकले म्हणजे वापरायची मुभा आलीच' हा एएफपीचा बचाव न्यूयॉर्कच्या न्यायालयानं मानला नाही, आणि 2013 मध्ये ज्युरीनं मोरेलला बारा लाख डॉलर द्यायला सांगितले.

आपल्याकडचा कायदा 1957 चा आहे आणि या बाबतीत स्वच्छ आहे. फोटो काढला त्या क्षणी कॉपीराइट जन्माला येतो. नोंदणीची अट नाही, गोलातल्या 'सी'चीही नाही. फोटो काढणारा तो त्याचा कर्ता, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर हा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो.

मग दुसरे लोक पुढं येतात, ते जरा तत्त्वज्ञ असतात. वारी तुमची का? पाऊस तुमचा का? बटण दाबलं, बाकी सगळं कॅमेऱ्यानं केलं. यांना मी पुण्यातच काढलेल्या एका फोटोची गोष्ट सांगतो. चरख्यामागे बसून वाचणारे गांधीजी सगळ्या जगानं पाहिलेत. तो फोटो 1946 साली पुण्यात काढलेला आहे, हे पुण्यातही फार थोड्यांना ठाऊक असतं. 'लाइफ' मासिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट तिथं गेल्या तेव्हा गांधीजींच्या सचिवांनी त्यांना विचारलं, चरखा चालवता येतो का? येत नव्हता. आधी शिका, मग फोटो. त्या शिकल्या. तो मौनाचा वार होता आणि खोली अंधारी. फ्लॅशचे मोजून तीन बल्ब वापरायची परवानगी मिळाली. पहिले दोन फुकट गेले. उरलेल्या एका बल्बवर तो फोटो आहे. खिडकी, चरखा, म्हातारा, सगळं तिथं होतंच. पण चरखा पुढं आणि माणूस मागं, ही मांडणी काही खोलीत आपसूक पडलेली नव्हती. शिवाय आपल्या कायद्यानं या वादात पडायचंच टाळलंय: छायाचित्र ही 'कलाकृती', मग तिच्यात कलात्मक दर्जा असो वा नसो. माझा आजींचा फोटो भिकार असेल. तरी तो माझा आहे.

खरा अवघड प्रश्न तिसरा, आणि तो विचारणाऱ्याला मी मान देतो. सायकल चोरली तर सायकल जाते. फोटो 'चोरला' तर तुमचा फोटो तुमच्याकडेच राहतो. मग गेलं काय?

पैसे गेले, हे उत्तर अर्धंच आहे. तो मंडळवाला विकत घेतच नव्हता, तर पैसे कुठून जाणार? जातो तो नाही म्हणण्याचा अधिकार. त्या आजींनी माऊलीच्या नावानं मला चेहरा दिला होता. तो मी महापालिका निवडणुकीच्या फ्लेक्ससाठी दिला नसता, गुडघेदुखीच्या तेलासाठी तर नाहीच. हे ठरवायला मी तिथं असायला हवा होतो. 2021 च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढं एक प्रकरण आलं. एका अभिनेत्रीनं व्यावसायिक छायाचित्रकाराकडून पोर्टफोलिओ करून घेतला होता आणि त्यातला एक फोटो इन्स्टाग्रामवर टाकला होता. 'व्ही' नावाच्या तेलुगू चित्रपटात तोच फोटो देहविक्रय करणारी बाई म्हणून दाखवला गेला. न्या. गौतम पटेल यांनी तो फोटो निघेपर्यंत सबंध चित्रपट ॲमेझॉन प्राइमवरून उतरवायला लावला. दावा बदनामीचा आणि खासगीपणाचा होता, कॉपीराइटचा नव्हे. पण 'नेटवर होता म्हणून घेतला' हे वाक्य कुठवर जातं ते त्यातून दिसतं. फोटोत चेहरा असतो, आणि चेहऱ्याला पत असते.

आता 'साभार'. हा आपला खास मराठी सद्गुण. एकेकाळी संपादक कविता 'साभार परत' पाठवायचे. हल्ली वस्तू न विचारता घेतात आणि परत न देता नुसते आभार मानतात. व्हॉट्सॲपवर तर 'साभार' हा एकटाच फिरत असतो, पुढं कुणाचं नावही नसतं. माणसं मनापासून समजतात की नाव दिलं म्हणजे देणं फिटलं. कायद्यात हे दोन वेगळे हक्क आहेत. नाव लावून घेण्याचा हक्क कलम 57 चा. मी फोटोचा कॉपीराइट विकून टाकला तरी तो माझ्याकडेच राहतो. फोटो छापायचा की नाही हा हक्क वेगळा, आणि तो नाव दिल्यानं मिळत नाही. पावतीवर माझं नाव लिहून माझीच छत्री घेऊन गेलात, तर मला छत्री मिळाली असं होत नाही. आणि पब्लिसिटीबद्दल एवढंच, की वाण्यानं अजून तिच्यावर साखर दिलेली नाही.

गेटसमोर कुणाचं चाक आलं तर हवा सोडण्याची धमकी पाटीवर रंगवणारं हे शहर. आपली फूटभर जागा आम्हाला मालमत्ता म्हणून कळते. दुसऱ्याची पहाट कळत नाही.

एवढं बोलून झाल्यावर आमच्याही घरात बघायला हवं, कारण छायाचित्रकारांचा कांगावा मी जवळून पाहिलाय. लग्नाचे फोटो वधूनं नाव न देता टाकले म्हणून ग्रुपवर आगपाखड करणारा माझा एक मित्र. त्याला कलम 17 वाचून दाखवलं. पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. वधूकडचे लोक मालक होते. मित्राकडं उरला होता तो फक्त नावाचा हक्क. करार नव्हता, कारण 'आपल्यात कसला करार!' हाच मित्र प्री-वेडिंगच्या व्हिडिओखाली हिंदी गाणं बिनधास्त जोडतो आणि फोटो धुतो तो क्रॅक केलेल्या फोटोशॉपवर. संगीतकाराचं इंटरनेट आणि आमचं इंटरनेट वेगळं असावं बहुधा.

हक्क राखायचा म्हणजे दिसेल त्याच्या मागं नोटीस घेऊन धावायचं, असंही नाही. कलम 52 मध्ये खासगी वापर, अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांना वाजवी मर्यादेत सूट आहे, आणि ती असायलाच हवी. सातवीतल्या मुलीनं वारीच्या प्रकल्पावर माझा फोटो चिकटवला तर मला आनंदच आहे. 2025 च्या मे महिन्यात यूट्यूबवर व्हिडिओ करणाऱ्यांनी एका वृत्तसंस्थेवर आरोप केला, की काही सेकंदांच्या चित्रफितीसाठी कॉपीराइटचा बडगा दाखवून ती लाखो रुपये मागते. त्या वादात कोण खरं ते न्यायालय पाहील. पण हत्याराला दोन धारा आहेत हे आम्ही विसरू नये. ज्याला वाटून टाकायचं आहे त्याच्यासाठी विकिमीडिया कॉमन्स आहेच. तिथं माझेही गडकिल्ल्यांचे फोटो आहेत, अटीसह आणि खुशीनं. देणं आणि लुबाडलं जाणं यांत देणाऱ्याच्या संमतीचा फरक असतो, एवढं साधं आहे ते.

"पण भांडणार कोण?" हा शेवटचा आक्षेप बहुतेकदा आमच्याच लोकांचा असतो, आणि तो आळसाचा आहे. आधी पुरावा. रॉ फाइल म्हणजे फोटोचा सातबारा: तारीख, वेळ, कॅमेऱ्याचा क्रमांक, सगळं तिच्यात असतं आणि उचलणाऱ्याकडं ती कधीच नसते. ती जपा, कुणाला देऊ नका. जुने स्टुडिओवाले फोटोच्या पुठ्ठ्यावर नाव उठवायचे आणि निगेटिव्ह स्वतःकडं ठेवायचे, ते उगाच नव्हे. गूगल लेन्सवर अधूनमधून आपलेच फोटो शोधा. चोरी सापडली की पान आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट आधी, शिव्या नंतर. संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीकडं 2013 च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम 75 प्रमाणं लेखी तक्रार केली, तर तिनं 36 तासांत फोटोवर कारवाई करायची असते. मात्र 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा दिसू शकतो. नोंदणी सक्तीची नसली तरी साध्या कलाकृतीला शुल्क 500 रुपये आहे. निवडक फोटोंसाठी करून ठेवायला हरकत नाही. दावा करायचा तर प्रतिवादी दिल्लीचा असला तरी आपण राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात करता येतो. शिवाजीनगर काही फार लांब नाही.

आणि ते खोडलेलं नाव! मालकाची ओळख सांगणारी खूण जाणूनबुजून काढून टाकणं हा कलम 65-ब खाली स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा. कॉपीराइटभंग कलम 63 खाली तीन वर्षांपर्यंत, आणि तो दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये स्पष्ट केलंय. पोलीस चौकीत हे सांगायला गेलात तर हवालदार आधी तुमच्याकडं आणि मग घड्याळाकडं पाहील, हे मला ठाऊक आहे. कलमाची छापील प्रत बरोबर न्या.

कायदा पुरेसा आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. दीड हजाराच्या फोटोसाठी पंचवीस हजारांचा वकील कुणी करत नाही, आणि उचलणारे याच हिशेबावर जगतात. अमेरिकेनं 2022 मध्ये छोट्या कॉपीराइट तंट्यांसाठी वेगळं मंडळ सुरू केलं. तीस हजार डॉलरपर्यंतचे दावे तिथं वकिलाशिवाय, घरबसल्या चालतात. आपल्याकडं ग्राहक आयोगाच्या धर्तीवर असं काही का होऊ नये? छायाचित्रकारांच्या संघटना प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मंत्री बोलावतात, तेव्हा त्यांनी शाल देताना याचं एक निवेदनही हातात द्यावं.

माझ्या फ्लेक्सचं पुढं काय झालं? मी मंडळाला बिल पाठवलं: एका फोटोचा, एका वेळचा वापर, पंधराशे रुपये. सोबत मूळ फोटो, फ्लेक्सचा फोटो आणि दोन कलमं. महिनाभर काहीच नाही. श्रावणात एका संध्याकाळी खजिनदार स्वतः आले, अगदी अदबीनं. चहा घेतला. म्हणाले, "काका, चूक झाली, पोरांना कळत नाही. तुमचे पंधराशे आम्हाला मान्य. आणि यंदा गणपतीची वर्गणी तुमच्याकडून पंधराशेच धरलीय. म्हणजे फिटंफाट." पावती आधीच फाडून आणली होती. मी चष्मा लावून ती वाचली. रक्कम अक्षरी, रक्कम अंकी, आणि वर माझं नाव. आडनावातलं 'कर' बरोबर होतं, त्याआधीचं चुकलं होतं.