चर कुणी खणला?



पुण्या-मुंबईत बसून तुम्ही रिचार्ज मारता आणि कंपनीला शिव्या घालता. घाला. मला या अंकात रिचार्जवर लिहायचं नाही. नोकरीवर लिहायचंय. शिरूर आणि दौंड तालुक्यात, भीमेच्या अलीकडं-पलीकडं, आपल्या वस्त्यांत टेलिफोन खात्याच्या पगारावर जी चार पक्की घरं उभी राहिली, तशी आता उभी राहत नाहीत. त्यावर.

गावाची पहिली तार आपल्या पायात होती. मयताचा सांगावा घेऊन रातोरात परगावी कोण पळायचं? महार. सायबाच्या घोड्यापुढं कोण धावायचं, चावडीचं बोलावणं घरोघर कोण पोचवायचं? महार. मोबदल्यात शिळी भाकर आणि वतनाचा तुकडा. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं. सुटलो.

मग खात्यानं त्याच पायांना पगार दिला. फुकट नाही दिला. आपली माणसं खात्यात शिरली ती रोजंदारीवर, चर खणायला आणि खांब रोवायला. माझा एक चुलता त्यातलाच. वर्षानुवर्षं काम तेच, पण रजिस्टरवर कायम ‘तात्पुरता’. १९८७ साली सुप्रीम कोर्टानं पोस्ट आणि टेलिग्राफच्या रोजंदारी मजुरांच्या बाजूनं निकाल दिला, १९८९ ला योजना आली, आणि देशभर चर खणणारे टप्प्याटप्प्यानं कायम होत गेले. भरतीत अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात. जागा मुद्दाम रिकाम्या ठेवायचे, ‘लायक उमेदवार मिळाला नाही’ म्हणायचे, हे सगळं व्हायचं. पण भांडायला कागद होता. रोस्टर दाखव म्हणता यायचं.

खातं काही मायबाप नव्हतं. फोन आधी साखरसम्राटाच्या वाड्यात वाजायचा, मास्तर बिचारा नंबर लावून वर्षं मोजत बसायचा. म्हणून १९९४ चं दूरसंचार धोरण आलं तेव्हा पांढरपेशांनी टाळ्या पिटल्या. मागेल त्याला फोन, १९९७ पर्यंत प्रत्येक गावात फोन, अशी भाषा होती. १९९७ आलं, गेलं. १९९६ मध्ये दूरसंचार मंत्री राहिलेल्या सुखरामांच्या घरांतून कोट्यवधींची रोकड निघाली, पुढं कोर्टानं त्यांना दोषी ठरवलं. खासगी परवानेवाल्यांनी खेड्यात सार्वजनिक फोन बसवायचे कबूल केलं होतं. त्यांनी ते जवळजवळ केलंच नाही. खेड्यात तार ओढली ती सरकारी खात्यानंच. नफा नसलेल्या गावात भांडवलदार कशाला मरायला जाईल?

एक गोष्ट मात्र मान्य करायलाच पाहिजे. फोन स्वस्त झाला. २००३ पासून येणाऱ्या कॉलचे पैसे लागेनात, आणि उसाच्या फडातल्या बाईच्या कनवटीलाही मोबाइल आला. ती सुटका आहे, तिला नाक मुरडणारे क्रांतिकारक मला आवडत नाहीत. पण स्पर्धा स्पर्धा म्हणून जे ओरडत होते त्यांनी आता बघावं: डझनभर कंपन्यांतून खासगी तीन उरल्या, त्यातली एक आजारी, आणि जुलै २०२४ मध्ये तिघींनी आठवडाभरात दर वाढवले. मेक्सिकोत १९९० साली सरकारी टेलमेक्स कार्लोस स्लिमच्या गटाला विकली. वीस वर्षांत तो जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस.

इकडं ऑक्टोबर २००० मध्ये खात्याचं बीएसएनएल झालं. खासगीवाले फोर-जीवर पैसा ओढत होते तेव्हा तिला ते मिळू दिलं नाही. तिचं देशी फोर-जी वाजतगाजत सुरू व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडलं. आधी हातपाय बांधायचे, मग म्हणायचं पळत नाही. ३१ जानेवारी २०२० ला एका दिवसात ७८ हजारांहून जास्त माणसं स्वेच्छानिवृत्तीनं बाहेर पडली. जवळजवळ निम्मं बीएसएनएल! त्यांच्याबरोबर त्यांच्या राखीव जागाही गेल्या, आणि त्याची हेडलाइन कुठं झाली नाही.

घटनेचं कलम १६(४) सरकारी नोकरीला लागतं, कंपनीला लागत नाही. म्हणजे तार तीच, काम तेच, मालक बदलला की आपला हक्क गायब. आज नगर रस्त्याच्या कडेला फायबरचा चर खणणारी पोरं बघा. कंपनीचं नाव त्यांना माहीत नसतं, मुकादमाचं माहीत असतं. चर झाला की हिशेब मिटला. त्यांना कुणी कायम करणार नाही, कारण कागदावर ती कुणाचीच नाहीत. टॉवर पाटलाच्या रानात, भाडं पाटलाला, आणि रात्री टॉवरखाली बसणारा राखणदार आपल्यातला. वेसकर की काय आपण अजून?

हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सुप्रीम कोर्टानं १९९५ सालीच म्हटलंय. त्या वापरायला सरकार परवाना देतं, आणि परवान्यात शंभर अटी घालतं: महसुलात वाटा, सुरक्षा, जाळं कधी उभारायचं ते. मग त्याच कागदावर आरक्षणाची एक अट का बसत नाही? कंपनीत, आणि तिच्या ठेकेदाराकडेही. दिल्लीत सगळे पक्ष खासगी क्षेत्रातल्या आरक्षणावर भाषणं ठोकतात आणि उद्योगपतींच्या बैठकीत माना डोलावतात.

पुढच्या अंकासाठी शिरूर-दौंडच्या पोरांनी कामाला लागावं. रांजणगाव, शिक्रापूर, पाटस, कुरकुंभ, जिथं चर खणला जातोय तिथं जा. रोज किती मिळतो, हजेरी कुठं लागते, पीएफ कापतात का, मुकादम कुणाचा, टॉवरचं भाडं कुणाच्या खात्यात जातं, लिहून आणा. मजुरांची नावं छापणार नाही. मुकादमाची छापू.